आधी कोपर, मग पाय

थंडी पडली की घरोघरी पाण्यावरून वाद होतो. एकाला कढत हवे, दुसऱ्याला कोमट. गेल्या हिवाळ्यात अम्मींचे पाय दुखत होते, म्हणून आम्ही टबात गरम पाणी भरून दिले. "बरं वाटतं का?" विचारले, तर "छान आहे" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पायांवर फोड! अम्मींना साखर आहे. पायांची जाणीव कमी झालेली, चटका कळलाच नाही. डॉक्टरांनी बजावले, मधुमेहात पाय पाण्यात भिजत ठेवू नयेत.

तेव्हापासून आंघोळीचे, गुस्लचे पाणी विचारून नव्हे, तपासून देतो. टबात आधी थंड पाणी, मग गरम. नीट ढवळायचे आणि कोपर बुडवायचे. हाताचा तळवा कामाने निबर झालेला असतो. अंगाची उष्णता 37 अंशांच्या आसपास; बाळाला, म्हाताऱ्यांना 37-38 अंश पुरे. टबात बसायचे तर धडधाकट माणसानेही 40च्या पुढे जाऊ नये. उठताना चक्कर येते. 60 अंशांचे पाणी तर काही सेकंदांत भाजते.

देह ही अल्लाहची अमानत. ज्यांना चटका कळत नाही किंवा सांगता येत नाही, त्यांच्यासाठी आपले कोपर आधी बुडू द्या.