भिंत झाकावी का?



मागच्या महिन्यात चिरंजीवांनी पुण्याच्या नव्या फ्लॅटच्या फर्निचरचं कोटेशन मला मोबाईलवर पाठवलं. "आई, तू एकदा आकडे बघून घे." आमच्या घरात आकडे बघायचं काम माझ्याकडे आहे. बी.कॉम. होऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली, नोकरी कधी केली नाही, पण बिल समोर आलं की बेरीज केल्याशिवाय मला चैन पडत नाही.

ओटा, कपाटं, पलंग वगैरे ठीक होतं. शेवटच्या पानावर 'वॉल पॅनेलिंग' असं एक कलम होतं. हॉलमधली टीव्हीची भिंत १२ फूट बाय साडेनऊ, बेडरूममध्ये पलंगामागची ११ बाय साडेनऊ आणि दारातून आत आल्या आल्या दिसणारी ६ बाय साडेनऊ. एकूण २७५.५ चौरस फूट, दर ६५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. बेरीज २,११,३०८ रुपये ५० पैसे. पन्नास पैसेसुद्धा लिहिले होते, मला गंमत वाटली.

मी फोन करून विचारलं, "भिंतीला पुट्टी आहे, रंग आहे. मग वरून हे कशाला?"

फोन सूनबाईने घेतला. ती मुद्देसूद बोलते, म्हणून तिच्याशी वाद घालायला मला आवडतं. तिने चार कारणं सांगितली. टीव्हीच्या वायरी लपतात. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो, तो कमी होतो. पलंगामागच्या भिंतीला डोक्याच्या तेलाचे डाग पडतात, ते पडणार नाहीत. आणि घर आधुनिक दिसतं. शेवटी म्हणाली, "आणि आई, आपली मंदिरं बघा की! एक वीत जागा कोरीव कामाशिवाय सोडलेली नसते. मग घराची एक भिंत सजवली तर काय बिघडलं?"

मंदिराचा मुद्दा चांगला होता. अबूला दिलवाड्याच्या विमलवसहीत मी छताकडे बघत इतका वेळ उभी होते की मान आखडली. पण मी तिला म्हटलं, तिथली नक्षी संगमरवरातच आहे. दगड झाकून वर दुसरं काही लावलेलं नाही. माझी अडचण सजावटीशी नाहीच. भिंत आणि सजावट यांच्यामध्ये जी दीड-दोन इंचांची अंधारी फट राहते, तिच्याशी आहे.

ती फट मी आमच्याच घरात पाहिली आहे.

१९९६ साली सांगलीच्या घरात आम्ही हॉलला पॅनेलिंग केलं. तेव्हा सागाच्या व्हिनिअरचं वेड होतं. भिंतीला लाकडी रिपा ठोकायच्या, त्यावर प्लाय, त्यावर व्हिनिअर, कडेने गोलाईच्या पट्ट्या आणि वर चकचकीत पॉलिश. ३४ हजार रुपये लागले. त्या काळी ही लहान रक्कम नव्हती, पण ह्यांना बढती मिळाली होती आणि हौस होती. मलाही होती, खोटं कशाला बोलू? पॅनेलच्याच एका कोपऱ्यात सुताराने काचेचं कपाट बसवून दिलं आणि त्यात आम्ही मामंजींची शास्त्रं ठेवली. वेष्टनात बांधलेली जुनी पुस्तकं आणि त्यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरातल्या स्वाध्यायाच्या तीन वह्या.

दोन वर्षं सगळे कौतुक करत होते. १९९८च्या पावसाळ्यात हॉलमध्ये कुबट वास यायला लागला. मी खिडक्या उघडल्या, धूप घातला, गालिचा उन्हात टाकला. वास जाईना. मग एके दिवशी झाडताना स्कर्टिंगजवळ मातीची बारीक नळी दिसली. पॅनेलवर बोटाने टकटक केलं तर पोकळ आवाज आला आणि बोट आत गेलं. व्हिनिअरचा पापुद्रा तेवढा वर शाबूत होता, मागे काही उरलं नव्हतं.

सुताराने फळ्या काढल्या तेव्हा कळलं की पलीकडच्या न्हाणीघराची भिंतीतली नळी झिरपत होती. कधीपासून कोण जाणे. भिंत उघडी असती तर महिन्याभरात रंगाला फोड आले असते, पोपडे सुटले असते आणि आम्ही प्लंबरला बोलावलं असतं. शंभर-दीडशे रुपयांचं काम. पोपडा म्हणजे भिंतीने केलेली तक्रार असते. आम्ही ३४ हजार रुपये खर्चून तिचं तोंड बंद केलं होतं.

मामंजींच्या दोन वह्या वाळवीने खाल्ल्या. तिसरी अर्धी राहिली, ती अजून माझ्याजवळ आहे. त्यांनी वीस वर्षं पहाटे उठून लिहिलेलं होतं ते. त्या दिवशी ते वह्यांचा भुगा हातात घेऊन बसले आणि एवढंच म्हणाले, "जाऊ दे, वाचलेलं माझ्याजवळ आहे." मला मात्र कितीतरी दिवस त्यांच्या डोळ्यांकडे बघवलं नाही.

आणि त्यानंतरची गोष्ट मी आजवर कुठे लिहिली नाही. वाळवी दारांच्या चौकटींपर्यंत पोचली होती. औषध मारणं भाग होतं. हे फिरतीवर होते, त्यामुळे त्या माणसाच्या कागदावर सही मी केली. त्याने भिंतीच्या कडेने ओळीने भोकं पाडली आणि औषध सोडलं. मी दुसऱ्या खोलीत णमोकार म्हणत बसले, पण कोणाला फसवत होते? लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी अणुव्रतं घेतली होती. चालत्याफिरत्या जीवाला जाणूनबुजून मारणार नाही, हे त्यातलं पहिलं. वाळवी हा तीन इंद्रियांचा जीव. किती होते, त्याचा हिशेब मला बी.कॉम.लाही शिकवला नव्हता.

हे परत आल्यावर म्हणाले, "ही आरंभी हिंसा झाली, गृहस्थाला ती चुकत नाही." त्यांचं शास्त्राचं वाचन माझ्यापेक्षा जास्त आहे, पण हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. आरंभी हिंसा म्हणजे चूल पेटवणं, झाडलोट, धुणं, ज्यावाचून घर चालत नाही असं काम. इथे ओलसर, अंधारी, लाकडाची खोली आम्हीच बांधून दिली, जीव राहायला आले, वाढले आणि मग आम्ही त्यांना मारलं. पॅनेलवाचून आमचं काहीही अडलेलं नव्हतं. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार आहेत, त्यातला एक प्रमादचर्या. गरज नसताना, बेफिकिरीने केलेला खटाटोप. मला तो शब्द जवळचा वाटतो. त्या चातुर्मासात माताजी गावात होत्या, पण प्रायश्चित्त मागायला जायचं धाडस मला झालं नाही. दोन वर्षांनी गेले.

म्हणून पॅनेलिंग हे पाप आहे, असं मी म्हणत नाही. नाहीतर म्हणाल, काकूंनी आता भिंतीलाही धर्मात ओढलं. मी म्हणते ते इतकंच की ज्या घरात औषध मारायची वेळ येऊ नये असं वाटतं, त्या घराने आधी दडायच्या जागा कमी कराव्यात. भिंत नजरेसमोर असावी.

चिरंजीवांचं म्हणणं, "आई, तेव्हाचं वेगळं होतं. आता पीव्हीसीचे पॅनेल येतात, त्यांना पाणी लागत नाही आणि अकराव्या मजल्यावर वाळवी येणार कुठून?" यात तथ्य आहे. पीव्हीसी कुजत नाही. पण भिंतीतली ओल त्याच्यामागे कोंडली जाते आणि त्याला आधार म्हणून ठोकलेल्या रिपा लाकडाच्याच असतात. एमडीएफ तर पाणी प्याला की पावासारखा फुगतो आणि पुन्हा बसत नाही. लाकूड पोखरणारी कीड जमिनीतूनच यायला हवी असं नाही, ती लाकडाबरोबर लिफ्टनेही येते. झुरळाला आणि पालीला मजल्याचं काय! शिवाय इमारत नवी आहे. काँक्रीट आणि गिलावा आतून वाळायला वेळ लागतो. माझा साधा सल्ला आहे, निदान एक पावसाळा भिंत उघडी ठेवा. कुठे ओल येते ते तिलाच दाखवू द्या.

आधुनिक या शब्दाचंही मला हसू येतं. भिंतीला लाकूड लावायची पद्धत इंग्लंडसारख्या थंड देशात फार जुनी आहे. तिथल्या दगडी भिंती बर्फासारख्या गार पडत, म्हणून आतून ओकच्या फळ्या लावत. गारठ्यावरचा उपाय होता तो. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. आमच्या वाड्यात लाकूड भरपूर होतं, खांब, तुळया, वर तक्तपोशी, पण भिंतीला फळी नव्हती. भिंतीत कोनाडे, फडताळं आणि खुंट्या. दर वर्षी पांढऱ्या मातीचा हात फिरायचा आणि तेव्हा आजी प्रत्येक भिंतीवरून तळवा फिरवून बघायची. कुठे गार लागतं, कुठे भुसभुशीत लागतं, ते तिला कळायचं.

आता पुन्हा आकड्यांकडे वळते, कारण सूनबाईला आकडे पटतात. तिने निवडलेलं पॅनेल उभ्या खाचांचं आहे, इंचाला एक खाच. १२ फुटांच्या भिंतीवर १४४ खाचा, प्रत्येक साडेनऊ फूट उंच. म्हणजे हॉलमध्येच १,३६८ फूट लांबीची खाच पुसायची. कोण पुसणार? कामाच्या बाई पुसणार नाहीत, आणि त्यांनी का पुसावं? ब्रशने खरवडलं तर खाचेत बसलेले बारीक जीव जाणार. सपाट भिंतीवरून मऊ कुंचा फिरवला की काम होतं आणि खाली काय पडलं तेही दिसतं.

दुसरा आकडा. तीन भिंती मिळून २९ फूट. रिप आणि पॅनेल मिळून दोन इंच धरले तर पावणेपाच चौरस फुटांच्या वर जमीन भिंतीने खाल्ली. फ्लॅट साडेनऊ हजार रुपये फुटाने घेतलाय. सुमारे शेहेचाळीस हजारांची जागा गेली, ती कोटेशनमध्ये कोणी लिहीत नाही. आणि घसारा? दहा वर्षांनी ही फॅशन उतरेल. म्हणजे वर्षाला एकवीस हजार रुपये, नुसतं बघण्याचे.

हे सगळं ऐकून सूनबाई म्हणाली, "आई, तेलाच्या डागांचं काय ते सांगा." इथे मी हरले. पलंगामागची भिंत खरोखर खराब होते, आमच्याकडेही झाली आहे. वर्षातून एकदा रंग काढायचा तर तोही खर्च आणि तोही खटाटोप. वायरींसाठी भिंतीवरून झाकणाची एक अरुंद पट्टी पुरते. आवाज घुमतो तो पडदे, गाद्या आणि पुस्तकं आली की कमी होतो, त्यासाठी आधी सामान तर लावा. पण डोकं टेकायच्या जागी फळी हवी, हे मी मान्य केलं.

मग तिनेच मार्ग काढला. बेडरूममध्ये जमिनीपासून चार फुटांपर्यंतच फळ्या, त्याही सपाट, बिनखाचेच्या. ११ बाय ४ म्हणजे ४४ चौरस फूट. प्लाय ७१० नंबरचा, पाण्याला टिकणारा, वर व्हिनिअर. दर ९०० पडला तरी कराशिवाय ३९,६०० रुपये. आणि फळ्या चिकटवायच्या नाहीत, वरून खुंट्यांवर अडकवायच्या, दोघांनी धरून उचलल्या की निघतील अशा. सुतार आधी कुरकुरला, असं कोणी करत नाही म्हणाला. सूनबाईने त्याला कागदावर चित्र काढून दिलं. मला हे सुचलं नसतं, हे प्रामाणिकपणे सांगते. दारासमोरची भिंत रद्द झाली. तिथे मामंजींच्या उरलेल्या वहीतलं एक पान काचेच्या फ्रेममध्ये लावायचं तिने ठरवलंय, दर दिवाळीला काढून मागून पुसायच्या अटीवर.

गेल्या रविवारी आम्ही दोघं जाऊन आलो. जेवण सूर्यास्ताआधी आटोपलं, मग सूनबाईने चिरंजीवांना हाक मारली आणि दोघांनी पलंगामागची मधली फळी उतरवून मला भिंत दाखवली. मी तळवा फिरवला. कोरडी होती. वरच्या कोपऱ्यात एक लहानसा कोळी होता, त्याला कागदावर घेऊन गॅलरीतल्या कुंडीत सोडलं.

हॉलच्या भिंतीचं अजून ठरलेलं नाही. तिथे डिझायनरने पेन्सिलीने रेघा मारून ठेवल्या आहेत आणि चिरंजीव म्हणतात पावसाळा झाला की बघू.