चार दारांची गाडी, शर्यतीचे इंजिन: अमेरिकी वेगाचा खरा दस्तऐवज कोणता?

#धागा

१/ अमेरिकी ‘मसल कार’चा इतिहास सांगायला बसले की बहुतेक जण १९६४ सालापासून आरंभ करतात. दोन दारे, बॉनेटवर फुगवटा, अंगावर पट्टे आणि चालवायला एक तरुण, असे ते चित्र असते. माझ्या मते हा इतिहास उशिरा सुरू होतो आणि चुकीच्या गाडीपासून सुरू होतो. वेगाची ही परंपरा मुलाबाळांना घेऊन बाजारहाट करणाऱ्या चार दारांच्या सेडानमध्ये वाढली. तिचा पुरावा जाहिरातींत शोधू नये. विक्रेत्याकडील पर्यायांच्या यादीत शोधावा.

२/ मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना बखर आणि अस्सल कागद यांतला फरक सांगायला नको. जाहिरात ही मोटारीची बखर आहे आणि पर्यायांची यादी हा तिचा हिशेबाचा कागद. गिऱ्हाईक साधी गाडी पसंत करी आणि मग यादीतून रेडिओ, गिअरबॉक्स, मागच्या आसाचे गुणोत्तर आणि इंजिन निवडी. कारखाना काय विकू पाहत होता आणि काय विकायचे टाळत होता, हे या कागदावर दिसते.

३/ पाया घातला फोर्डने. १९३२ साली त्याने सामान्य माणसाच्या ऐपतीतल्या गाडीत २२१ घनइंचांचे, ६५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन बसवले. तोपर्यंत आठ सिलिंडर हे मुख्यतः श्रीमंतांचे लक्षण होते. १९४९ साली ओल्ड्समोबिलने पुढचे पाऊल टाकले. ३०३ घनइंचांचे, १३५ अश्वशक्तीचे नवे ‘रॉकेट’ इंजिन त्याने मोठ्या गाडीपुरते न ठेवता हलक्या बांध्याच्या ‘८८’ मालिकेतही घातले. ही मालिका चार दारांतही मिळे. मोठे इंजिन आणि हलका सांगाडा हे सूत्र येथेच सिद्ध झाले. जीटीओ अजून पंधरा वर्षे दूर होती.

४/ त्याच वर्षी, १९ जून १९४९ रोजी, शार्लट येथे नॅस्कारची पहिली ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ शर्यत झाली. नियम असा की गाडी विक्रेत्याकडे मिळते तशीच असावी. ग्लेन डनवे आपल्या फोर्डमधून पहिला आला, पण तपासणीत मागच्या स्प्रिंगा बदललेल्या आढळल्या. चोरटी दारू वाहणारे लोक अशीच युक्ती करीत. त्याला बाद करून लिंकन चालवणाऱ्या जिम रोपरला विजयी ठरवले गेले.

५/ या निकालातून कारखान्यांनी एक व्यवहारी धडा घेतला. घरी केलेला बदल बेकायदा ठरतो. तोच बदल कारखान्याच्या यादीत छापला की कायदेशीर होतो. हडसन कंपनीने हे सर्वांत नेमके ओळखले. १९५१ च्या हॉर्नेट सेडानमध्ये ३०८ घनइंचांचे सरळ सहा सिलिंडरांचे, १४५ अश्वशक्तीचे इंजिन होते. पुढे यादीत जोड-कार्ब्युरेटरांचा ‘ट्विन एच-पॉवर’ संच आला आणि ‘जड वापरासाठी’ अशा निरुपद्रवी नावाखाली शर्यतीचे भाग आले. १९५२ च्या हंगामातील ३४ पैकी २७ शर्यती हडसनने जिंकल्या. व्ही-८ नसलेल्या एका घरगुती गाडीने हे केले, ही गोष्ट ‘व्ही-८ म्हणजेच वेग’ मानणाऱ्यांनी जरूर लक्षात ठेवावी.

६/ १९५५ साली शेव्हरलेने २६५ घनइंचांचे छोटेखानी व्ही-८ आणले. मूळ शक्ती १६२. यादीतील ‘पॉवर पॅक’वर खूण केली, म्हणजे चार नळ्यांचा कार्ब्युरेटर आणि दुहेरी धुराडी घेतली, की १८०. १९५७ मध्ये २८३ घनइंचांच्या इंजिनाला इंधन-इंजेक्शन जोडून २८३ अश्वशक्ती मिळू लागली. प्रत्येक घनइंचामागे एक अश्वशक्ती, आणि तीही कॉर्व्हेटपुरती राखून न ठेवता साध्या शेव्हरलेच्या गिऱ्हाइकालाही देऊ केलेली.

७/ माझ्या युक्तिवादाचा सर्वांत बळकट साक्षीदार १९५७ चाच आहे: रॅम्बलर रेबेल. काटकसरीसाठी ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन मोटर्सने आपल्या आटोपशीर, चार दारांच्या गाडीत ३२७ घनइंचांचे, २५५ अश्वशक्तीचे व्ही-८ बसवले. ‘मोटर ट्रेंड’ मासिकाच्या चाचणीत तिने शून्यापासून ताशी ६० मैलांचा वेग ७.५ सेकंदांत गाठला. त्या वर्षी तिच्यापुढे राहिली ती केवळ इंजेक्शनवाली कॉर्व्हेट. अशा १,५०० गाड्या बनल्या. मसल कारची व्याख्या काटेकोरपणे लावली, तर या कौटुंबिक गाडीला तिच्यातून वगळण्याचे एकच कारण उरते, ते म्हणजे मागची दोन दारे.

८/ जून १९५७ मध्ये मोटार उत्पादकांच्या संघटनेने शर्यतींपासून दूर राहण्याचा आणि जाहिरातींतून वेगाचा गवगवा न करण्याचा ठराव केला. बखर गप्प झाली, हिशेबाचा कागद मात्र बोलतच राहिला. १९६४ ची पाँटिअॅक जीटीओ याच लपंडावातून जन्मली. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन घालू नये, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत दंडक होता. पाँटिअॅकच्या मंडळींनी नवे मॉडेल काढलेच नाही. टेम्पेस्ट लमान्सच्या यादीत ३८९ घनइंचांचे इंजिन ‘पर्याय’ म्हणून घुसवले. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या.

९/ त्याच वर्षी ओल्ड्समोबिलने प्रत्युत्तर दिले ते ‘४-४-२’ या संचाने: चार नळ्यांचा कार्ब्युरेटर, चार गिअर, दोन धुराडी. यादीत त्याची ओळख होती पोलिसी पाठलागाचा संच. तो चार दारांच्या सेडानवरही मागवता येई. तशा गाड्या फारच थोड्या बनल्या, पण आज विसरला गेलेला हा कागद एक गोष्ट सिद्ध करतो. जीटीओच्या वर्षीही, कारखान्याच्या लेखी वेग आणि कुटुंब एकमेकांना वर्ज्य नव्हते.

१०/ यावर आक्षेप येईल की इतक्या थोड्या गाड्यांवर इतिहास कसा उभारणार? आक्षेप रास्त आहे. परंतु बलदंड इंजिनाची चार दारी गाडी रस्त्यावर रोज दिसत होती. ती पोलिसांकडे होती. १९६९ मध्ये कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलने घेतलेल्या डॉज पोलारात ४४० घनइंचांचे, ३७५ अश्वशक्तीचे इंजिन होते. पट्टे ओढलेल्या कूपेला गाठण्याचे काम जिच्यावर सोपवले होते, ती मूळची कुटुंबाची सेडान होती.

११/ येथवर कौतुक झाले. आता हाच कागद उलट बाजूने वाचू. १९६४ च्या जीटीओसाठी ३२५ अश्वशक्तीचे इंजिन मागवता येत होते, आणखी पैसे मोजल्यास ३४८ चे. डिस्क ब्रेक मात्र १९६७ पर्यंत यादीत नव्हते; चारही चाकांना ड्रम ब्रेक, जे वारंवार दाबल्यावर तापून निकामी होऊ लागत. धावण्यासाठी पर्यायांची रांग होती आणि थांबण्यासाठी ओळभर जागा नव्हती. हा अपघात नव्हता. जे दाखवून विकता येते ते यादीत आले. जे संकटाच्या क्षणीच कळते ते राहून गेले.

१२/ त्याची किंमत मागच्या आसनावर बसलेल्यांनीही मोजली. १९६६ साली अमेरिकेत रस्त्यांवर ५०,००० हून अधिक माणसे मेली. सगळा दोष मोठ्या इंजिनांवर टाकणे अन्यायाचे होईल. कमकुवत रस्ते, मद्य, पट्ट्यांविना प्रवास अशी अनेक कारणे होती. पण मोटारींच्या सुरक्षेचा संघीय कायदा त्याच वर्षी झाला आणि १९६८ पासून नव्या गाड्यांत आसनपट्टे सक्तीचे झाले. सुरक्षितता ‘पर्याय’ म्हणून सोडली तर पुरेशी विकत घेतली जात नाही, हे तोवर कळून चुकले होते.

१३/ म्हणून ‘सरकारने आणि तेलसंकटाने वेगवान गाडी मारली’ हे रडगाणे मला अर्धसत्य वाटते. ऑक्टोबर १९७३ च्या तेलबंदीपूर्वीच विमा कंपन्यांनी अशा गाड्यांचे हप्ते चढवले होते, आणि १९७१ मध्ये जनरल मोटर्सने इंजिनांचा दाब कमी केला होता. शिवाय १९७२ मध्ये मोजण्याची पद्धतच बदलली: आधी सुट्या, निर्भार इंजिनाची शक्ती सांगत, आता पंखा, धुराडी वगैरे जोडून. कॅडिलॅक एल्डोराडोचे ५०० घनइंची इंजिन जुन्या मापाने ३६५ अश्वशक्तीचे, नव्याने २३५ चे. त्या ‘ऱ्हासा’चा बराच भाग मोजपट्टीचा होता. जुने आकडे वाचताना मोजपट्टी आधी विचारावी, हा नियम सनावळीला लागतो तसाच अश्वशक्तीलाही.

१४/ १९९४ ते १९९६ या काळात शेव्हरलेने पोलिसी कॅप्रिसच्या सांगाड्यावर २६० अश्वशक्तीची चार दारी इम्पाला एसएस विकली. या वेळी चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. सूत्र १९४९ चेच. यादी मात्र शहाणी झाली होती.

१५/ माझा निष्कर्ष असा. सामान्य कुटुंबाच्या हाती शर्यतीचे इंजिन देणारी ही यादी खरोखर लोकशाहीवादी होती, आणि म्हणून तिचे कौतुक व्हावे. तिने ब्रेकची ओळ कोरी ठेवली, म्हणून तिच्यावर ठपकाही यावा. संग्रहालयात अशी गाडी दिसली तर बॉनेट उघडून इंजिन अवश्य पाहा. मग खाली वाकून चाकामागे काय बसवले आहे, तेही पाहा. दोन्ही पाहिल्यावरच मत बनवा.

आपले मत वेगळे असल्यास पुराव्यासह जरूर मांडावे. #धागासमाप्त