राष्ट्रीय उद्यानात ‘इथे बांधू नका’ म्हणणाऱ्याला फी कोण देणार?

सरळ मुद्द्यावर येतो. राष्ट्रीय उद्यानात काही बांधायचं ठरलं की, मग ते प्रवेशद्वार असो, तिकीटघर असो, माहिती केंद्र असो की साधी मोरी, आपण दोनच गोष्टींवर भांडतो. झाडं किती तोडणार आणि ठेकेदार कोणाचा माणूस? दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. पण त्याच्या कितीतरी आधी एक कागद निघतो, त्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. आर्किटेक्ट आणि इंजिनियर नेमण्याचा कागद. नकाशावर पहिली रेघ कोण मारणार, हे तिथे ठरतं. ती रेघ एकदा मारली की अंदाजपत्रक, निविदा, झाडांची यादी, ठेकेदार, सगळं तिच्या मागोमाग येतं. मग आपण झाडांना मिठ्या मारत बसतो.

मी पेशाने सिव्हिल इंजिनियर. राहतो बोरिवली पूर्वेला. वीस-बावीस वर्षं इमारती, मोऱ्या, नाल्यांच्या संरक्षक भिंती यांत गेली. म्हणजे मी बांधकामाचा शत्रू नाही, बांधकामावरच माझं घर चालतं. आणि म्हणूनच हे लिहितोय, कारण बाहेरच्या माणसाला जे दिसत नाही ते आम्हा धंद्यातल्या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

काय ठाऊक असतं? सल्लागाराची फी बहुतेक वेळा प्रकल्पाच्या खर्चाच्या टक्क्यांवर ठरते. आता साधा हिशेब करा. समजा फी ४ टक्के आहे. दहा कोटींचं माहिती केंद्र काढलं तर सल्लागाराला ४० लाख. एक कोटीत छोटं केलं तर ४ लाख. आणि तो जागेवर जाऊन म्हणाला, “साहेब, नवीन काही नको, ते जुनं कौलारू विश्रामगृह २० लाखांत दुरुस्त करा, तेवढं पुरे,” तर त्याच्या हातात ८० हजार. आणि “या जागी काहीच बांधू नका” म्हणाला तर? शून्य. प्रवासखर्च खिशातून.

म्हणजे जंगलाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा सल्ला जो, त्याचीच किंमत शून्य. शहरात हे एक वेळ चालून जाईल. तिथे प्लॉटचा मालक बांधायचं ठरवूनच आलेला असतो. राष्ट्रीय उद्यानात मूळ गृहीतकच उलटं आहे. तिथे न बांधणं हा नियम आणि बांधणं हा अपवाद. पण नेमणुकीचे कागद मात्र शहरातल्या कार्यालयाच्या इमारतीचेच उचलून आणलेले.

अशा जाहिराती मी बऱ्याच वाचल्या आहेत. अटी काय असतात? गेल्या तीन वर्षांची उलाढाल. अमुक कोटींच्या ‘तत्सम’ कामाचा अनुभव. ऑफिसात इंजिनियर किती. अनामत रक्कम. आणि शेवटी ज्याचा दर कमी तो पहिला, म्हणजे आमच्या भाषेत एल-वन. ‘तत्सम काम’ म्हणजे काय, तर शासकीय इमारत. ती बसस्टँड असली तरी चालते. पाण्याच्या वाटा कोण बघणार, प्राण्यांच्या वाटा कोण बघणार, रात्रीच्या उजेडाचं काय, यावर ओळ नाही. आणि दर पाडून काम मिळवलेला सल्लागार जागेवर किती वेळा येणार? गुगल मॅपवरून नकाशा काढतो, जुन्या कामातला प्लॅन चिकटवतो आणि दगडी तुकड्यांचं क्लॅडिंग दाखवतो, की झालं ‘निसर्गाशी सुसंगत’.

राज्यातल्या एका राष्ट्रीय उद्यानाच्या कामाच्या निविदापूर्व बैठकीला मी गेलो होतो. नाव मुद्दाम घेत नाही, कारण प्रश्न एका ऑफिसचा नाही. जागेच्या नकाशावर एक ओढा स्पष्ट दिसत होता आणि प्रस्तावित पार्किंग त्याच्या काठाला खेटून. मी विचारलं, पावसाळ्यात हे पाणी कुठवर चढतं, कोणी मोजलंय का? उत्तर मिळालं, “ते तुमच्या स्कोपमध्ये नाही.” मग कोणाच्या आहे? तेही कोणाला माहीत नव्हतं. बाजूला एक वनरक्षक उभा होता. चहाच्या वेळी त्याने मला हाताने दाखवलं, “साहेब, पाणी इथपर्यंत येतं.” कमरेच्या वर. त्या माणसाला बैठकीत खुर्चीसुद्धा नव्हती.

आता अशा नेमणुकीतून काय उगवतं, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. खऱ्या झाडांच्या मधोमध सिमेंटचे ओंडके, त्यांना खऱ्या सालीसारखा रंग. फायबरचा वाघ. पेव्हर ब्लॉक, लॉन, शोभेचे पाम. हे बघून हसू येतं, पण त्यातलं काही हसण्यावारी नेण्यासारखं नाही. उभ्या भिंतींचं गटार खणलं की त्यात पडलेला बेडूक, साप, कासव बाहेर येऊ शकत नाही. थोड्या थोड्या अंतरावर उतार ठेवला तर येऊ शकतो, खर्च नगण्य. मोठ्या काचेत आकाश दिसतं आणि पक्षी येऊन आपटतात. उपाहारगृहाचं खरकटं उघड्यावर पडलं की कुत्री येतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या. बोरिवलीकरांना हे वेगळं सांगायला नको. बाहेरच्या मातीतून आणि रेतीतून गाजरगवताचं बी येतं आणि इमारत पडली तरी ते जात नाही. यातली एकही गोष्ट रॉकेट सायन्स नाही. ज्याने विचार करायचा, त्याला त्यासाठी कोणी नेमलेलंच नाही, एवढंच.

“जंगलातल्या बेडकांचं आम्हाला काय,” म्हणणाऱ्यांसाठी आपल्या अंगणातली गोष्ट. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचं. आत तुळशी आणि विहार तलाव. दहिसर नदी तुळशीकडून निघते, उद्यानातून खाली येते आणि श्रीकृष्णनगर, दौलतनगर करत खाडीला मिळते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी या नदीने काय केलं ते काठावरच्या लोकांना विचारा. वर डोंगरात माती आणि झाडोरा पाणी धरून ठेवतो, हळूहळू सोडतो. तिथे फरशी घातली, ओढ्याला पाइपात कोंबलं, तर तेच पाणी झपाट्याने आपल्या तळमजल्यावर येतं. म्हणजे उद्यानातल्या मोरीचा व्यास किती ठेवायचा, हा प्रश्न वनखात्याइतकाच आपल्या सोसायटीचाही आहे.

याच उद्यानात कान्हेरी आहे. शंभरावर लेणी, जवळजवळ हजार वर्षांची वस्ती. लेण्यांपाशी पाण्याची पोढी आणि कातळात खोदलेले चर, डोंगरावरचं पावसाचं पाणी तिथवर आणणारे. त्या कारागिरांना कोणत्या अटींवर निवडलं होतं कोण जाणे, पण छिन्नी उचलण्याआधी त्यांनी तिथला पाऊस पाहिला होता, एवढं नक्की.

कोणी म्हणेल, कायदा आहे ना! आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे राष्ट्रीय उद्यानात व्यावसायिक पर्यटक निवास, हॉटेल, प्राणिसंग्रहालय, सफारी पार्क हे राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या पूर्वमंजुरीशिवाय बांधता येत नाही. पण कायदा असून काय होतं त्याचं उदाहरण उत्तराखंडातलं कॉर्बेट. तिथल्या पाखरोच्या व्याघ्र सफारीसाठी परवानगी होती १६३ झाडांची. भारतीय वन सर्वेक्षणाचा अंदाज निघाला सहा हजारांहून जास्त झाडं गेल्याचा. बेकायदा बांधकामं वेगळीच. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाचे वनमंत्री आणि वनाधिकारी यांच्यावर सडकून ताशेरे ओढले. पण तोवर झाडं पडली होती. शिवाय मोरी, फरसबंदी, दिवे, गटार या ‘किरकोळ’ कामांचं भलंबुरं कोर्टात ठरत नाही. ते ड्रॉइंगच्या टेबलावर ठरतं.

आणि चांगलं होऊ शकतं, हेही आपल्याच राज्यात दिसलंय. नागपूरहून शिवनीकडे जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. रुंदीकरणावरून कोर्टकचेऱ्या झाल्या, भारतीय वन्यजीव संस्थेने अभ्यास केला, आणि प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून रस्ता नऊ ठिकाणी उचलला गेला. सगळ्यात लांब भुयारी मार्ग ७५० मीटरचा. नंतर लावलेल्या कॅमेऱ्यांत त्याखालून जाणारे वाघसुद्धा टिपले गेले. बांधणारे इंजिनियरच होते, आमच्यासारखेच. फरक एवढाच की वाघ कुठून जातो हे सांगणारा माणूस ड्रॉइंग काढण्याआधी टेबलावर होता. तोही आपणहून बसवला नव्हता, भांडून बसवावा लागला.

आता नेहमीचा आक्षेप. “मग काय, जंगलात काहीच बांधायचं नाही? लोकांनी शौचाला कुठे जायचं? वनरक्षकांनी कुठे राहायचं?” उलट, माझं म्हणणं आहे की वनरक्षकाची संरक्षण कुटी आधी बांधा. तिला गळकं छप्पर नको, आत पाणी, सौरदिवा, जाळीची खिडकी द्या. उद्यानातल्या वारली पाड्यांवरचे लोक पाणी, वीज, संडास यासाठी वर्षानुवर्षं चपला झिजवतायत, ते आधी करा. पण टक्केवारीच्या गणितात संरक्षण कुटीला कोण विचारतो? दहा लाखांची कुटी जंगलात चार तास चालून बघायला जायचं, की हमरस्त्यावरच्या दहा कोटींच्या कमानीचं ड्रॉइंग काढायचं? तुम्हीच सांगा.

नुसती टीका करून थांबत नाही. नेमणुकीच्या कागदात काय बदलायला हवं, ते लिहितो. 

१. फी खर्चाच्या टक्क्यांवर नको. ठरावीक रक्कम, कामाच्या टप्प्यांप्रमाणे. खर्च वाढला म्हणून फी वाढायची नाही.

२. ‘बांधायचं का आणि कुठे’ हा अभ्यास वेगळा. त्यात किमान एक अख्खा पावसाळा जागेवर. उत्तर ‘नाही’ आलं तरी पूर्ण पैसे. आणि हा अभ्यास करणाऱ्याला पुढचं डिझाइनचं काम मिळणार नाही. ऑपरेशन करावं का, हे विचारायला आपणही दुसऱ्या डॉक्टरकडे जातोच ना?

३. निवडीत दराला कमी गुण, कामाला जास्त. उलाढाल बघण्यापेक्षा त्या आर्किटेक्टची पाच वर्षं जुनी इमारत जाऊन बघा. गळते का, झिजली कशी, चालवायला खर्च किती येतो. टीममध्ये वन्यजीव अभ्यासक आणि पाण्याचा जाणकार नावानिशी हवेत, नुसते कागदावर नकोत.

४. वनरक्षक, वनमजूर आणि पाड्यावरची मंडळी यांच्यासोबत जागेची पाहणी, आणि त्यांचं म्हणणं लेखी अहवालात.

५. ड्रॉइंग आणि अंदाजपत्रक मंजुरीआधी लोकांसमोर. मराठीत, उद्यानाच्या गेटवर, आणि हरकतीला महिनाभर वेळ.

६. फीचा शेवटचा हप्ता काम संपल्यावर दोन पावसाळे गेल्यानंतर. पाणी कुठे तुंबलं, कोण कुठे अडकून मेलं, बघून मगच.

यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. नेमणुकीच्या अटी खात्यालाच लिहायच्या असतात, म्हणजे बदलताही त्यालाच येतात. खर्च? एका सिमेंटच्या हत्तीचे पैसे वाचवले तर एका अभ्यासाचे निघतील.

माझ्या धंद्यातल्या मित्रांनाही दोन शब्द. “क्लायंटने मागितलं, आम्ही काढून दिलं,” हे आपलं आवडतं वाक्य. राष्ट्रीय उद्यानात क्लायंट म्हणजे फक्त सही करणारा अधिकारी नाही. तो तीन वर्षांत बदलून जातो. ओढा तिथेच असतो.

महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत : ताडोबा, संजय गांधी, नवेगाव, पेंच, गुगामल, चांदोली. तुमच्या जवळ जे असेल तिथे पुढच्या वेळी कसल्याही ‘विकासकामा’ची बातमी आली, तर झाडं मोजायच्या आधी माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागा : सल्लागाराच्या नेमणुकीच्या अटी, त्याच्या फीचं सूत्र, आणि जागा ठरवण्याआधीचा अभ्यास अहवाल. अर्ज कसा लिहायचा अडलं तर इथे विचारा, मसुदा करून देईन. उत्तर आलं की तेही इथेच टाका. सहा उद्यानांचे कागद एकत्र ठेवून बघू, काय दिसतं ते.