केसांना फुटलेले फाटे

मराठीत चर्चेला फाटे फुटतात आणि केसांनाही फुटतात. चर्चेचे फाटे चहा आला की मिटतात. केसांचे मात्र मिटत नाहीत. नरक चतुर्दशीच्या पहाटे घरोघरी तेलाची वाटी बाहेर निघते, तेव्हा ह्या विषयाला दिवाळीइतका चांगला मुहूर्त नाही. म्हणून वाचक भगिनींनो (आणि आरशासमोर चोरून भांग चाचपणाऱ्या बंधूंनो), यंदा साहित्य थोडे बाजूला ठेवू.

प्रथम कडू गोष्ट सांगून टाकते. टाळूबाहेर आलेला केस निर्जीव असतो. कापलेले बोट भरून येते, कारण ते जिवंत आहे. चिरलेला केस भरून येत नाही. बाटलीवर 'केस दुरुस्त करते' असे छापले असेल, तर तेथे 'झाकते' असे वाचावे. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो. म्हणजे ६० सेंटीमीटर लांब वेणीचे टोक ५ वर्षांचे असते. मुलगी आठवीत असताना उगवलेला केस ती कॉलेजात येते तेव्हा वेणीच्या शेवटाला लोंबत असतो. एवढ्या काळात त्याने जे जे सोसले, ते टोकावर दिसते.

केसावर अगदी बारीक पापुद्रे असतात, मंगलोरी कौलांसारखे एकावर एक चढलेले. कौले बसलेली असली की केस चकाकतो, उचकटली की राठ लागतो, उडून गेली की आतले तंतू सुटतात आणि फाटा फुटतो. ओला केस पाणी पिऊन फुगतो आणि ताणला की लवकर तुटतो. आणि आपण काय करतो? न्हाऊन आल्याबरोबर जाड टॉवेलाने केस खसाखसा पुसतो, पीळ देऊन झटकतो आणि बारीक दातांची फणी मुळापासून ओढतो! जुन्या सुती पातळाच्या मऊ तुकड्यात केस नुसते दाबून धरावे. जरा सुकले की रुंद दातांच्या कंगव्याने आधी टोकाकडचा गुंता काढावा आणि मग हळूहळू वर सरकावे. ह्याला पैसा लागत नाही, वेळ लागतो. आणि सकाळी नेमका तोच नसतो.

आता तेल. न्हाण्यापूर्वी तेल लावण्याची आपली चाल निव्वळ रूढी नव्हे. २००३ साली मुंबईतील रेळे आणि मोहिले ह्या संशोधकांनी नारळाचे, सूर्यफुलाचे आणि खनिज तेल केसांना लावून पाहिले. धुताना केसांतील प्रथिनांची होणारी झीज फक्त नारळाच्या तेलाने लक्षात येण्याजोगी कमी झाली, खराब झालेल्या केसांतसुद्धा. (संशोधक तेल विकणाऱ्या कंपनीतले होते, हे सांगायला हवे, पण कारण पटण्यासारखे आहे.) ह्या तेलातले मुख्य आम्ल आकाराने लहान आणि सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरते, आणि मग पाणी कमी शिरते. घाटावर अभ्यंगाला तिळाचे तेल घेतात. अंगाला ते खुशाल चोळावे. केसांपुरते कोकणाचे ऐकावे. थंडीत नारळाचे तेल थिजते, तेव्हा वाटी गरम पाण्यात धरावी. तेल चमचा-दोन चमचेच घ्यावे. थबथबून लावले तर ते काढायला दुप्पट धुवावे लागते आणि कमाई तेथेच संपते. कोंडा असेल तर तेल टाळावे; त्याने तो वाढतो.

अंगाचा साबण केसांना लावू नये. तो क्षारी असतो, कौले उचलतो, आणि बोअरिंगच्या जड पाण्यात त्याचा चिकट साका केसांवर बसतो. सौम्य शाम्पू किंवा शिकेकाई बरी. पण शिकेकाईच्या शेंगा रात्री भिजवून, उकळून, पाणी गाळून घ्यावे. जाडीभरडी पूड घासू नये. मेथी किंवा जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीतपणा केसांवर चढतो आणि गुंता सुटायला मदत करतो. अंड्याचे कौतुक मला कळत नाही. त्यातली प्रथिने केसात शिरण्याच्या मानाने फार मोठी असतात, आणि वर कढत पाणी घेतले तर डोक्यावरच आम्लेट होते.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने बहिणीच्या लग्नासाठी केस औषधाने सरळ करून घेतले आणि पुढे रोज तापल्या चिमट्याने ते सरळ ठेवले. दोन महिन्यांनी ती पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकावर गेली, डोक्यावर ओढणी घेऊन. केस कानापाशी तुटत होते. "मॅडम, काय लावू?" तिने विचारले. लावण्यासारखे काही उरले नव्हते, कापण्यासारखे होते. अशा औषधाने केसाच्या आतले बंधच तोडलेले असतात. ओल्या केसावर चिमटा फिरवला, तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात फुगे येतात. आई कापू देईना. लांब केस म्हणजे स्थळासाठी भांडवल! शेवटी मुलीनेच खांद्यापर्यंत कापून घेतले, चिमटा कपाटात गेला, आणि वर्षभरात नवे केस चार-साडेचार इंच वाढले. ओढणी खांद्यावर आली आणि ती दुसऱ्या बाकापर्यंत पोचली.

मात्र तुटणे वेगळे आणि गळणे वेगळे. कंगव्यातला केस उजेडात धरून पाहा. आखूड, दोन्ही टोके साधी असतील तर तो तुटला. एका टोकाला पांढरट गाठ असेल तर मुळापासून गळला. असे ५० ते १०० केस रोज जायचेच. बाळंतपण किंवा मोठा ताप झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी पुष्कळ गळतात आणि बहुधा आपोआप थांबतात. पण महिनोन् महिने गळत राहिले, तर तेले बदलण्यात वेळ घालवू नये. सगळ्यांना वाढून उरेल ते खाणाऱ्या बाईच्या अंगात लोह कमी असते, कधी थायरॉइडची तक्रार असते, आणि ती बिचारी स्वतःच्याच वेणीला दोष देत बसते. रक्त तपासून घ्यावे आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे जावे. त्या दिवशी मात्र डोक्याला तेल लावून जाऊ नये. त्यांना टाळू दिसावी लागते.