परवान्यासोबत येणारे कर्तव्य

भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर, म्हणजे धरणाच्या मागे पसरलेल्या उथळ पाण्यावर, उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांवर बंदूक रोखण्याचा हक्क १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने कोणालाही ठेवलेला नाही. त्यामुळे पीकरक्षणासाठी घेतलेली बारा बोअरची बंदूक, जिच्या एका काडतुसातून अनेक छर्रे फाकत जातात, शिकारीच्या शौकासाठी नाही. याच अधिनियमाचे कलम ३४, जे परवानाधारकही क्वचितच वाचतात, अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रधारकावर वनखात्याकडे नाव नोंदवण्याचे बंधन घालते, आणि सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य, चिंकारांचे घर, बारामती तालुक्यातच आहे. हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या टिपण्याचा छंद अधिकृत रेंजवरच पुरवावा. घरी बंदूक रिकामी व कुलपात आणि काडतुसे वेगळी ठेवावीत.