अजबबंगल्याची दृष्टी

दिल्लीस तीन मूर्ती भवनाच्या आवारात नेहरू तारामंडल आहे. तेथे ठेवलेला एक काळवंडलेला, घंटेच्या घाटाचा गोळा आम्ही गेल्या हिवाळ्यात पाहिला. त्याची रुंदी सुमारे २.२ मीटर, आमच्याकडील धान्याच्या मोठ्या कणगीहून ती फारशी अधिक नव्हे. सोयूझ टी-१० या अवकाशयानाचा हा पृथ्वीवर परतलेला भाग होय. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी सोयूझ टी-११ मधून वर गेले, सॅल्यूत-७ या स्थानकावर राहिले, आणि ११ एप्रिल रोजी दोघा सोव्हिएत सोबत्यांसह याच टी-१० मधून कझाकस्तानच्या माळरानावर उतरले. जाण्यास एक यान व येण्यास दुसरे, याचे कारण असे की, स्थानकावर दीर्घकाळ राहणाऱ्या मंडळींसाठी ताजे यान मागे ठेवून जुने परत आणावयाचे होते.

आम्ही हे पाहत असता शेजारी उभे असलेले एक मराठी गृहस्थ आपल्या मुलास म्हणाले, "एवढ्या मोठ्या ठिकाणी हे जळके भांडे कशाला ठेवले? निदान रंग तरी द्यायचा होता!" मुलगा मात्र त्या काळ्या कवचाकडे टक लावून पाहत होता. "हे जळले, तर आतली माणसे कशी जळली नाहीत?" असे त्याने विचारले. वडिलांनी त्यास हात धरून पुढे नेले.

त्या गृहस्थांस हसण्याचा आम्हांस अधिकार नाही. कारण त्यांची दृष्टी ती आम्हा सर्व सुशिक्षितांचीच दृष्टी आहे. नागपूरच्या १८६३ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयास आमचे लोक आजही 'अजबबंगला' म्हणतात. अडाणी माणसाने हे नाव ठेवले असे आम्ही समजतो. परंतु अजबाच्या पलीकडे न जाण्याची खोड अडाण्यांपेक्षा आम्हांसच अधिक जडली आहे. रंगविलेली, चकचकीत प्रतिकृती आम्हांस आवडते, कारण ती काहीच विचारीत नाही. नावाची पाटी वाचली, छायाचित्र काढले, की भेट संपली. जळलेली खरी वस्तू मात्र प्रश्न विचारते. सेकंदास सात-आठ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरणाऱ्या यानापुढे हवा दाबली जाऊन भयंकर तापते. बाहेरचे कवच स्वतः जळून, झडून ती उष्णता घेऊन जाते, म्हणूनच आतील माणसे वाचतात. हे सारे त्या काजळीत लिहिलेले आहे. तिला रंग देणे म्हणजे शिलालेखावर चुना फासणे होय.

परंतु दिल्लीचे राहू द्या. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आकाशातून जळत्या तुकड्यांची एक रांग गेली. आमच्या भंडारा जिल्ह्याच्या शेजारी, चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावी सुमारे ३ मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. पवनपार व इतर ठिकाणी सुमारे अर्ध्या मीटरचे गोळे सापडले. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. चीनने २०२१ मध्ये सोडलेल्या एका अग्निबाणाच्या वरच्या टप्प्याचे हे अवशेष असावेत, असे तज्ज्ञांनी सांगितले. ते पाहण्यास लोक जमले. इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन तपासणी करून गेले. पुढे वर्तमानपत्रे गप्प झाली, आणि त्यांच्याबरोबर आम्हीही. जी वस्तू पाहावयास दिल्लीचे तिकीट काढावे, तिच्या जातीची वस्तू आपण होऊन दाराशी आली. तिचे पुढे काय करावे, हा प्रश्न भंडाऱ्यातील सुशिक्षितांच्या एकाही बैठकीत निघालेला आम्हांस आठवत नाही.

प्रश्न विचारला तो एका कासाराने. भंडारा हे पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले गाव. त्या दिवसांत आमच्या परिचयाच्या एका वृद्ध कारागिराने वर्तमानपत्रातील गोळ्याचे चित्र पुढे करून आम्हांस विचारले, "सर, याले जोड कोठी आहे जी?" आम्ही निरुत्तर झालो. तो गोळा म्हणजे अतिशय दाबाखाली वायू भरून ठेवण्याचे भांडे, एवढे आम्ही वाचले होते. पण भांडे म्हटले की सांधा कोठे, आणि दाब सांध्यावर येतो तर तो फुटत कसा नाही, हा विचार आमच्या मनास शिवलाही नव्हता. तीस वर्षे महाविद्यालयात शिकवून आम्ही जे विचारले नाही, ते त्याने चित्र पाहताच विचारले.

यावर कोणी म्हणेल, परक्या देशाच्या भंगाराचे एवढे कौतुक कशास? शिवाय १९६७ च्या अवकाश-करारानुसार अशी वस्तू ज्याने सोडली त्याच्याच मालकीची राहते. हे खरे आहे. म्हणूनच अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांतातील मॅनिटोवॉक या लहानशा गावाची हकीकत सांगतो. ५ सप्टेंबर १९६२ रोजी सोव्हिएत स्पुत्निक-४ चा सुमारे ९ किलो वजनाचा तुकडा तेथील रस्त्यावर पडला. दोन्ही देशांत त्या वेळी हाडवैर होते. तरी मूळ तुकडा सोव्हिएत संघास परत करण्यात आला. गावाने काय केले? तुकड्याची प्रतिकृती आपल्या संग्रहालयात ठेवली आणि तो जेथे पडला तेथे रस्त्यात एक पितळी कडे बसविले. ऑस्ट्रेलियातील एस्परन्स या गावानेही १९७९ साली आसपास कोसळलेल्या स्कायलॅबचे तुकडे आपल्या संग्रहालयात मांडले आहेत. ही गावे राजधान्या नव्हेत, आणि तो माल त्यांच्या देशाचाही नव्हे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. लाडबोरीस एक पितळी कडे बसविण्यास किती खर्च येईल? ते ओतण्यास भंडाऱ्यात हात आहेत, आणि त्या हातांस आज काम हवे आहे. मूळ अवशेष मिळाले तर उत्तमच. न मिळाल्यास त्यांची मापे व छायाचित्रे मागवून प्रतिकृती करावी. ती काळी ठेवावी, तिच्यावरील प्रत्येक वण दाखवावा, आणि एखाद्या शाळेच्या खोलीत ती मांडावी. पाटीवर स्तुती नको. 'हे का वितळले नाही? याचा सांधा कोठे आहे?' एवढे दोन प्रश्न लिहिले तरी पुरे.

उन्हाळ्याच्या सुटीत मुलांस दिल्ली-मुंबई दाखविणाऱ्या आमच्या वाचकांस एवढेच सांगावयाचे आहे की, तेथील जळक्या कवचापुढे मूल थबकले तर त्यास ओढून पुढे नेऊ नका. आणि परतल्यावर जिल्हा परिषदेस व इस्रोस या कड्याविषयी एक पत्र लिहा. आमचे पत्र आम्ही हा लेख देण्यापूर्वीच टपालात टाकले आहे. त्या कासाराची सहीही आमच्या सहीच्या वर आहे.