गॅडोलिनियमचा पिंजरा किती पक्का?

विशेष प्रतिनिधी

एमआरआय तपासणीच्या वेळी शिरेतून ‘काँट्रास्ट’चे इंजेक्शन दिले जाते. त्यात गॅडोलिनियम हा धातू असतो, याची बहुतेक रुग्णांना कल्पना नसते. त्याच्या चुंबकीय गुणधर्मामुळे सभोवतालच्या पाण्यातील हायड्रोजनचा प्रतिसाद बदलतो आणि गाठ किंवा सूज प्रतिमेत उजळून दिसते. मात्र, मोकळा गॅडोलिनियम विषारी असतो. त्याच्या आयनाचा आकार कॅल्शियमच्या आयनाइतकाच असल्याने तो शरीरातील कॅल्शियमच्या कार्यात अडथळा आणतो. म्हणूनच १९८८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ‘मॅग्नेव्हिस्ट’पासून हा धातू सेंद्रिय रेणूच्या पकडीत बांधून दिला जातो.

ही पकड नेहमीच पुरेशी ठरत नाही, हे २००६ मध्ये उघड झाले. मूत्रपिंडे निकामी झालेल्या काही रुग्णांची त्वचा व सांधे ताठर करणाऱ्या ‘एनएसएफ’ या व्याधीचा या इंजेक्शनांशी संबंध आढळला. २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी मेंदूत गॅडोलिनियम साचत असल्याच्या खुणा नोंदविल्या. या साठ्यामुळे अपाय झाल्याचा पुरावा नसतानाही खबरदारी म्हणून युरोपीय औषध संस्थेने २०१७ मध्ये सैल पकडीच्या काही द्रव्यांचा शिरेवाटे वापर स्थगित करण्याची शिफारस केली.

नॅनोकॅप्सूलचे महत्त्व या पार्श्वभूमीवर लक्षात येते. अमेरिकेच्या राइस विद्यापीठातील लॉन विल्सन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये गॅडोलिनियमचे आयन आखूड कार्बन नॅनोट्यूबमध्ये कोंडले. प्रचलित द्रव्यांपेक्षा त्यांची परिणामकारकता सुमारे ४० पट असल्याचे प्रयोगशाळेत दिसले. साहजिकच कमी धातूत काम भागण्याची आशा निर्माण झाली.

अडचण आहे ती पुढच्या टप्प्यावर. आजच्या द्रव्यांचे रेणू लहान असल्याने निरोगी मूत्रपिंडे त्यांचा बहुतांश भाग एका दिवसात गाळून टाकतात. नॅनोट्यूब त्यामानाने मोठ्या असतात. असे कण यकृत व प्लीहेत अडकून राहण्याचा संभव असतो. म्हणजे धातू पिंजऱ्यातून सुटला नाही, तरी पिंजरा शरीरातून बाहेर पडेल, याची हमी नाही. या कॅप्सूलना रुग्णांवरील वापरासाठी अद्याप मान्यता नाही, हे लक्षात घ्यायला हवे.

दरम्यान, अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळालेले गॅडोपिक्लेनॉल हे वलयाकार रेणूचे द्रव्य नेहमीच्या निम्म्या मात्रेत काम करते. नॅनोकॅप्सूलला आता त्याच्याशी स्पर्धा करावी लागेल. ही स्पर्धा प्रतिमा किती उजळते यावर नव्हे, तर शरीरात काय मागे उरते यावर निकाली निघेल. तोवर मूत्रपिंडाचा विकार आणि यापूर्वी घेतलेली इंजेक्शने यांची माहिती तपासणीपूर्वी डॉक्टरांना देणे, एवढे तरी रुग्णाच्या हाती आहे.